एसीत ‘मिक्स गॅस’ आहे म्हणून टॉप-अप होत नाही: खरं की थाप?

शेजारची_खिडकी
मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. घरी बेडरूममध्ये एक स्प्लिट एसी आहे आणि तळमजल्यावर बायकोच्या दवाखान्यात कॅसेट एसी (छतात बसवतात तो). यंदा दोन्ही नीट गार करत नाहीत. एएमसीवाल्यांचा (वार्षिक देखभाल करारवाल्यांचा) मुलगा आला, गेज लावलं आणि म्हणाला, दोन्हीत गॅस कमी आहे. मी म्हटलं, मग भर की बाबा. तर म्हणे, “साहेब, हा जुना बावीस नंबर (आर-२२) नाही, मिक्स गॅस आहे. यात थोडा थोडा भरता येत नाही, त्यातले गॅस वेगळे होतात. आहे तो सगळा सोडून द्यायचा, व्हॅक्यूम मारायचा आणि नवा वजनावर भरायचा.” बिल अर्थातच साध्या टॉप-अपच्या कितीतरी पट.

मुलगा बोलायला सरळ वाटला. पण ‘गॅस वेगळे होतात’ हे मला पटेना. एका सिलिंडरात मिसळून आलेले गॅस पाइपात गेल्यावर भांडून वेगळे कसे राहतील? यात तथ्य आहे का, की उन्हाळ्यातली कमाई?

चकली_विदाउट_मोहन
एकत्र कुटुंबाचा अनुभव नाही वाटतं तुम्हाला? एका घरात गेल्यावरच भांडून वेगळे होतात. ह. घ्या.

निवांतराव
शुद्ध थाप. आमच्याकडे दर एप्रिलला येतात, टॉप-अप करतात, जातात. काहीही वेगळं होत नाही. अडलेला गिऱ्हाईक दिसला की यांना रसायनशास्त्र सुचतं.

गेजवाला
निवांतराव, दर एप्रिलला गॅस भरावा लागतोय म्हणजे दर वर्षी गळतोय. एसी हे सीलबंद यंत्र आहे, त्यातला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तुमचा माणूस गळती शोधत नाही, कारण गळती हेच त्याचं एप्रिलचं उत्पन्न.

धागाकर्ते, आधी आउटडोअरवरची नेमप्लेट वाचा. ‘मिक्स गॅस’ ही एकच वस्तू नाही. आर-४०७सी आहे, आर-४१०ए आहे की आर-३२, ते सांगा. तिघांची उत्तरं वेगवेगळी आहेत.

रसायनी
‘वेगळे होतात’ हे खरं आहे, पण कुठे आणि कधी ते महत्त्वाचं. जरा लांबण लावतो.

४०७सी हे वजनाने २३ टक्के आर-३२, २५ टक्के आर-१२५ आणि ५२ टक्के आर-१३४ए असं त्रिकूट आहे. साध्या वातावरणीय दाबाला आर-३२ उकळतो उणे ५१.७ अंशांना, १२५ उणे ४८.१ला आणि १३४ए चक्क उणे २६.१ला. पहिले दोघे जवळजवळ बरोबरीने उडतात, तिसरा आळशी. त्यामुळे जिथे द्रव आणि बाष्प शेजारी शेजारी असतात तिथे बाष्पात पहिल्या दोघांचं प्रमाण जास्त आणि खालच्या द्रवात १३४एचं.

आकडा हवा असेल तर राऊल्टचा नियम लावून बघा: द्रवात ज्या घटकाचे जितके रेणू (मोल प्रमाण), तितक्या हिश्शाने त्याचा बाष्पदाब धरायचा. २५ अंशांना तिघांचे बाष्पदाब साधारण १६.९, १३.८ आणि ६.६५ बार आहेत. मोल प्रमाण काढून गुणाकार केला की वरच्या बाष्पाची घडण वजनाने सुमारे ३६, ३२, ३२ येते. म्हणजे द्रवात ५२ टक्के असलेला १३४ए बाष्पात जेमतेम तिसरा हिस्सा. हे आदर्श द्रावण धरून केलेलं गणित आहे, खरे आकडे थोडे हलतील. पण गळती बाष्पाच्या बाजूने झाली तर बाहेर जाणारं मिश्रण आणि आत उरणारं मिश्रण एक नसतं, हे त्यातून कळतं.

सोनचाफा
म्हणजे चिवड्याच्या डब्यासारखं ना? शेंगदाणे खाली आणि पोहे वर. डबा हलवून घेतला की झालं. आमच्याकडे आलेला मेकॅनिक सिलिंडर जोरजोरात हलवत होता ते यासाठीच का?

रसायनी
नाही ताई, इथेच सगळे फसतात. द्रवाच्या आत थर लागत नाहीत, तो तळापासून वरपर्यंत एकजीव असतो. फरक आहे तो द्रव आणि त्यावरचं बाष्प यांच्यात, आणि तो समतोलातला फरक आहे. कितीही हलवा, हलवणं थांबलं की बाष्प पुन्हा त्याच घडणीचं. तो मेकॅनिक फक्त दंड कमावत होता.

गेजवाला
सिलिंडर हलवायचा नसतो, उलटा करायचा असतो. सरळ उभ्या सिलिंडरातून वरचं बाष्प येतं, उलटा केला की द्रव येतो आणि द्रवाची घडण लेबलप्रमाणे असते. काही सिलिंडरांत आत तळापर्यंत जाणारी नळी, म्हणजे डिप ट्यूब असते, तिथे सरळ ठेवूनच द्रव येतो. सिलिंडरवर बाण किंवा चित्र असतं. ते वाचायची सवय मात्र आमच्या लाइनीत कमी.

आयटीआयला शिकलो तेव्हा आर-२२ होता. एकटा गॅस, बाष्प भरा नाहीतर द्रव भरा, घडण बदलायला आत दुसरं कोणी नव्हतंच. मग बाविसाच्या जागी ४०७सी आला, कारण त्याचे दाब बाविसाच्या जवळ बसतात. (तेल मात्र बदलावं लागतं. बाविसाला मिनरल ऑइल चालायचं, याला पीओई हे कृत्रिम तेल लागतं.) जुनी सवय हातात बसलेली, त्यामुळे पुष्कळ मुलं अजून सक्शनकडून (कॉम्प्रेसर गॅस ओढतो त्या बाजूने) सरळ सिलिंडर लावून बाष्पच भरतात. ११.३ किलोच्या एकाच सिलिंडरमधून असे चार-पाच एसी भरले की पहिल्या गिऱ्हाइकाला ३२ आणि १२५ जास्त, शेवटच्याला १३४एच जास्त. पहिल्याचा दाब चढतो, शेवटचा म्हणतो गारवाच येत नाही. आणि गिऱ्हाईक कंपनीला शिव्या देतं.

द्रव भरताना चालू मशीनला एकदम व्हॉल्व्ह उघडायचा नाही. कॉम्प्रेसरच्या तोंडात द्रव गेला तर व्हॉल्व्ह प्लेट तुटते. थोडा थोडा सोडायचा, होजमध्येच त्याचं बाष्प होऊन जातं.

प्रश्नचिन्ह
धागा वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, एसी लावून.

निवांतराव
गेजवालेभाऊ, सगळं मान्य. पण आमचा ४१०ए आहे आणि तोही मिश्रणच आहे ना? त्याला इतकी वर्षं टॉप-अप चालतंय. मग?

रसायनी
तुमचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष सगळ्यांना लावू नका. ४१०एमध्ये आर-३२ आणि आर-१२५ निम्मे-निम्मे. वर सांगितलं तसं हे दोघे बरोबरीने उडणारे. वातावरणीय दाबाला ४१०ए उकळायला लागल्यापासून पूर्ण बाष्प होईपर्यंत तापमान ०.१ अंशाच्या आसपास सरकतं. ४०७सी मात्र उणे ४३.६ला उकळायला लागतो आणि त्याचा शेवटचा थेंब संपतो उणे ३६.६ला. हे सात अंशांचं सरकणं म्हणजेच ग्लाइड. ज्याचं ग्लाइड मोठं त्यात वेगळं होण्याचा धोका मोठा.

नावातच खूण आहे. ४०० मालिका म्हणजे ग्लाइड असलेली मिश्रणं, ५०० मालिका म्हणजे ठरावीक स्थितीत एकट्या पदार्थासारखी उकळणारी. जुना आर-५०२ तसा होता, आजचा आर-५०७ए तसा आहे. ४१०ए नावाने ४००वाल्यांत बसतो पण वागतो ५००वाल्यांसारखा. आणि शेवटचं अक्षर प्रमाणाचं: ४०७ए, बी, सी यांत तेच तिघे, हिस्से वेगळे.

द्राक्षबाग_निफाड
आमच्याकडे द्राक्षांच्या प्री-कूलिंगला ४०४ए आहे. १२५, १४३ए आणि नावापुरता चार टक्के १३४ए. ग्लाइड अर्ध्या-पाऊण अंशाचं, त्यामुळे सीझनमध्ये गळती झाली तर नट आवळून द्रव टॉप-अप करतो आणि मशीन चालू ठेवतो. द्राक्ष वाट बघत नाही. जवळचं मोठं कोल्ड स्टोरेज अमोनियावर आहे, त्यांना हे दुखणंच नाही. एकच पदार्थ, गळला की गावाला नाकाने कळतं.

शेजारची_खिडकी
नेमप्लेटा वाचून आलो. आउटडोअर मागच्या सज्जावर आहे, शेजारच्या काकू “काय शोधताय?” म्हणून विचारून गेल्या.

बेडरूमचा स्प्लिट: आर-३२, इन्व्हर्टर.
दवाखान्याचा कॅसेट: आर-४०७सी, १.९ किलो.

दवाखाना एप्रिल-मेमध्ये बराच काळ बंद होता, म्हणजे कॅसेट पडूनच होता. मुलाने दोन्हींना एकच कारण सांगितलं होतं.

गेजवाला
मग अर्धी थाप आणि अर्धं खरं. आर-३२ मिश्रण नाहीच. तो एकटा आहे, त्यात वेगळं व्हायला दुसरा कोणी नाही. त्या एसीबद्दल सांगितलेलं कारण चूक.

निवांतराव
बघा! म्हणालो नव्हतो? वाट बघत होतो याचीच.

गेजवाला
थांबा, एवढ्यात पेढे वाटू नका. कारण चूक असलं तरी इन्व्हर्टर मशीनमध्ये दाब बघून अंदाजाने भरणं बरोबर नाहीच. कॉम्प्रेसरचा वेग बदलत असतो, त्याबरोबर दाबही हलतो. चार्ज एवढासा असतो की शे-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फरक पडतो. म्हणून काढून, व्हॅक्यूम करून, काट्यावर मोजून भरणं हीच नीट पद्धत. शिवाय ३२ पेट घेऊ शकतो, फार जोरात नाही, पण घेतो. तो खोलीत सोडून देणाऱ्याला घरात घेऊ नका.

आणि त्याहून आधी: गॅस खरंच कमी आहे का? फिल्टर आणि इनडोअर कॉइल मातीने भरलेली असली तरी गेजवर सक्शन दाब कमीच दिसतो. निम्मे ‘गॅस कमी’वाले एसी नुसते धुतले की गार करतात, असं माझं मत.

रसायनी
कॅसेटबद्दल मात्र तो मुलगा बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे, आणि कारण तुमच्या बंद दवाखान्यात आहे. यंत्र चालू असताना जाड पाइपातून जे बाष्प फिरतं ते पूर्ण मिश्रणाचंच असतं, कारण बाष्पकात (इनडोअर कॉइलमध्ये) सगळं उकळून बाहेर पडलेलं असतं. तिथे गळलं तरी घडण फार बिघडत नाही. पातळ लिक्विड लाइनवर गळलं तरीही नाही. पण यंत्र बंद पडून राहिलं की आत द्रव एका जागी साठतो, वर त्याचं बाष्प. त्या बाष्पातून सावकाश गळती म्हणजे ३२ आणि १२५ निघून जाणार, १३४ए घर राखत बसणार. उरलेल्यात ताजं ४०७सी घातलं तरी एकूण मिश्रण १३४एकडे झुकलेलंच राहतं. दाब कमी, क्षमता कमी. असं दोन-चार वेळा टॉप-अप केलं की प्लेटवर ४०७सी लिहिलंय एवढंच खरं.

एक बरं आहे. ३२ पेटणारा, पण त्याच्या सोबत निघणारा १२५ आग दाबणारा. दोघे बरोबर निघतात म्हणून ४०७सीची गळती पेटत नाही. मिश्रण ठरवतानाच गळतीतली सर्वांत वाईट अवस्था तपासून सुरक्षेचा वर्ग देतात.

प्रश्नचिन्ह
घडण बिघडली आहे का हे न काढता कळतं का? लॅबमध्ये पाठवायचं का सिलिंडर घेऊन?

गेजवाला
ढोबळ कळतं. मशीन बंद ठेवा, आतलं-बाहेरचं तापमान एक होऊ द्या, मग दाब वाचा आणि चार्टशी ताडा. आत द्रव शिल्लक असेल आणि तरी दाब चार्टपेक्षा बराच कमी असेल, तर हलके दोघे पळालेत असं समजायला जागा आहे.

चार्ट बघताना अजून एक. ४०७सीला दोन रकाने असतात, बबल पॉइंट (उकळायला सुरुवात होते ते तापमान) आणि ड्यू पॉइंट (शेवटचा थेंब संपतो ते). सुपरहीट (बाष्प त्याहून किती जास्त तापलंय) काढताना ड्यू, सबकूलिंग (द्रव त्याहून किती जास्त गार झालाय) काढताना बबल. उलटं धरलं तर उत्तर पाच-सहा अंशांनी चुकतं आणि माणूस चांगल्या मशीनचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह पिळत बसतो. ४१०एला दोन रकाने जवळपास एकच, म्हणून तिथे कोणी पकडलं जात नाही.

रासलफानकर
अवांतर, पण राहवत नाही. मी कतारमध्ये एलएनजी प्लांटवर आहे. तुम्ही ज्याला दुखणं म्हणताय तेच आम्ही मुद्दाम घडवून आणतो. नैसर्गिक वायू उणे १६२च्या आसपास नेऊन द्रव करायचा तर त्यासाठीचं शीतक नायट्रोजन, मिथेन, इथेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. ते दाबून, आधी प्रोपेनने गार करून सेपरेटरमध्ये सोडतात. खाली जड अंशाचा द्रव, वर हलक्या अंशाचं बाष्प. जड भाग मोठ्या उष्णताविनिमयकाच्या खालच्या, उबदार बाजूचं काम करतो. हलका भाग वरपर्यंत जाऊन शेवटची थंडी देतो. ग्लाइडही हवंच असतं, कारण गार होणाऱ्या वायूचं तापमान जसं उतरत जातं तसं शीतकाचंही जुळवून घेता येतं, ऊर्जा कमी लागते.

त्यामुळे आमच्याकडे मिश्रणाची घडण दिवसरात्र क्रोमॅटोग्राफवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजतात. काही कमी पडलं तर तेवढाच घटक घालतात. नायट्रोजन कमी, नायट्रोजन घाला. तुमच्या कॅसेटला ही सोय नाही, कारण ‘तुमचा ३२ एवढा आणि १२५ एवढा गळला’ हे सांगणारं यंत्र त्या कॅसेटपेक्षा महाग.

आळशी_संशोधक
लॅबमधल्या उणे ऐंशीच्या काही फ्रीझरांत हीच युक्ती असते, ऑटो-कॅस्केड म्हणतात. एकच कॉम्प्रेसर, आत मिश्रण. जड घटक आधी द्रव होतो, तो वेगळा काढून उकळवतात आणि त्या थंडीवर हलक्याचा द्रव करतात. आमचा एकदा गळला तेव्हा प्रत्येक घटक ग्रॅममध्ये मोजून क्रमाने भरावा लागला. मेकॅनिकच्या हातात चिठ्ठी होती, आजीच्या गोडा मसाल्याच्या यादीसारखी जपून ठेवलेली.

चकली_विदाउट_मोहन
एवढं वाचून एकच शंका: स्वयंपाकाचा गॅसही मिश्रण आहे ना? मग तो का नाही भरत एसीत? स्वस्त आणि घरपोच. दिवे घेणे.

रसायनी
दिवे घेतले, पण लावू नका. एलपीजीत मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन. तिथेही तेच घडतं, प्रोपेन आधी निघतो आणि सिलिंडर संपत आला की उरलेला भाग ब्यूटेनकडे झुकतो. साधा ब्यूटेन उकळतो उणे अर्ध्या अंशाला, म्हणून हिमालयातल्या कडक थंडीत अर्धा सिलिंडर द्रव खडखडत असताना शेगडी पेटत नाही. एसीत भरायचा विचार मात्र सोडा. पेटता गॅस, त्यात वासाचं गंधकयुग्म आणि ओलावा, आणि ठिणग्या पाडणारे रिले-स्विच. जे करतात ते दुसऱ्याच्या घरात करतात.

गेजवाला
जुन्या आर-१२च्या फ्रिजांसाठी शुद्ध प्रोपेन-आयसोब्यूटेनचं निम्मं-निम्मं मिश्रण बाजारात मिळायचं. तेही द्रव भरायचं, नाहीतर प्रोपेनच जास्त जायचा आणि कॉम्प्रेसर तापायचा. शेगडीचा गॅस आणि ते मिश्रण एक नाही.

प्रश्नचिन्ह
मूळ मुद्द्याकडे. तो मुलगा म्हणाला ‘आहे तो सगळा सोडून द्यायचा’. सोडून म्हणजे कुठे? सज्जाबाहेर?

आळशी_संशोधक
बहुतेक ठिकाणी हो. ४०७सीचा तापमानवाढीचा निर्देशांक १७७४ आहे, म्हणजे एक किलो हवेत सोडला तर पावणेदोन टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. पेट्रोलच्या हिशेबात साडेसातशे लिटरच्या वर. ४१०ए त्याहून वाईट, २०८८. आर-३२ बराच बरा, ६७५. आपल्या देशाने २०२१मध्ये किगाली दुरुस्ती (हे वायू कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय करार) मान्य केली आहे, २०२८पासून या वायूंच्या वापरावर मर्यादा येणार आहे. आणि इथे रोज संध्याकाळी सज्ज्यांवरून फुस्स.

निवांतराव
म्हणजे टॉप-अप करणाराच पर्यावरणवादी ठरला की! निदान असलेला तरी सोडत नाही.

गेजवाला
गळती न शोधता टॉप-अप केलं तर तोही गॅस वर्षभरात हवेतच जाणार, निवांतराव. हप्त्याने सोडला एवढंच.

रिकव्हरी मशीन असतं. त्याने आतला गॅस रिकाम्या रिकव्हरी सिलिंडरात ओढून घेतात आणि वजन करतात. नेमप्लेटवरच्या आकड्यातून वजा केलं की किती गळलं तेही कळतं. महाग आहे, वेळ खातं आणि गिऱ्हाईक वेळेचे पैसे द्यायला तयार नसतं, म्हणून मुलं आणत नाहीत. यात दोष एकट्या मुलांचा नाही. धागाकर्ते, बोलावताना फोनवरच विचारा: रिकव्हरी मशीन आहे का, वजनकाटा आहे का, नायट्रोजनने प्रेशर टेस्ट करणार का. तिन्हींना ‘हो’ म्हणणाऱ्याला चार पैसे जास्त द्या.

सोनचाफा
काढलेला गॅस परत त्याच एसीत भरला तर? पैसे वाचतील ना.

रसायनी
४१०ए किंवा ३२ असेल, स्वच्छ असेल, तर वजन पूर्ण करून भरता येतो. बंद असताना गळलेल्या ४०७सीला नको, घडणच भरवशाची नाही. तो रिक्लेमला, म्हणजे शुद्धीकरणाला जायला हवा.

शेजारची_खिडकी
अपडेट. वरचे तीन प्रश्न फोनवर विचारले. दोघांनी “कशाला एवढं?” म्हणून ठेवून दिला, तिसरा आला. वयाने थोराड माणूस, स्वतःचं रिकव्हरी मशीन.

बेडरूमच्या स्प्लिटमध्ये गॅस पुरेसा होता! फिल्टर आणि कॉइल दोन्ही बुरशी-धुळीने लिंपलेले. जेटपंपाने धुतलं, आता पांघरूण लागतंय. कॅसेटमध्ये मात्र जाड पाइपाच्या फ्लेअर नटवर (पाइपाचं पसरवलेलं तोंड, म्हणजे फ्लेअर, आवळून धरणाऱ्या नटवर) साबणाचे बुडबुडे आले. आतून निघाला १.१ किलो. फ्लेअर नव्याने केला, नायट्रोजन भरून रात्रभर ठेवला, दुसऱ्या दिवशी व्हॅक्यूम आणि सिलिंडर उलटा धरून १.९ किलो द्रव. खर्च एएमसीवाल्याच्या अंदाजापेक्षा कमी, कारण स्प्लिटचा गॅस वाचला.

गेजवाला
जाड पाइप, बाष्पाची बाजू, बंद मशीन. रसायनीसर, तुमचं गणित लागू पडलं. फ्लेअर करताना तेलाचा थेंब लावला होता का आणि टॉर्क पाना वापरला का, ते विचारा. नुसतं आवळून परत तिथेच गळतं.

प्रश्नचिन्ह
आणि तो १.१ किलो कुठे गेला?

शेजारची_खिडकी
सिलिंडरवर चिकटपट्टी लावून ‘४०७ खराब’ लिहिलं आणि घेऊन गेला. डीलरकडे जमा करतो म्हणाला. टॉर्क पाना होता, तेलाचं विचारतो.

निवांतराव
त्या थोराड माणसाचा नंबर व्यनि करा. एप्रिल लांब आहे, पण यंदा गळती शोधूनच घेतो म्हणतो.

चकली_विदाउट_मोहन
माझ्या कारच्या एसीचं पण कोणी सांगेल का? तिथेही मिक्स गॅस म्हणतोय.

गेजवाला
साधारणपणे १३४ए, एकटाच. बॉनेटखालचा स्टिकर वाचा आणि नवा धागा काढा.